घास अडकेपर्यंत वाट का पाहायची?

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेण्याचे जाहीर केले आणि कर्नाटक सरकारने लगेच त्याला आक्षेप घेतला. तेव्हापासून आपल्याकडे आरोग्य म्हटले की कार्ड, अर्ज, दाखले आणि कोणी कोणाला अडवले, एवढीच चर्चा चालते. ती चर्चा व्हायलाच हवी. आजारी माणसाच्या उपचाराआड राज्याची हद्द येता कामा नये, ही आमची भूमिका होती, आहे आणि राहील. पण या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो आम्ही विचारतो. मिळालेले कार्ड आपण वापरतो तरी कधी?

सगळे संपत आल्यावर! अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कॅन्सरबाबत तर हे शब्दशः खरे आहे. वैद्यकीय मदतीसाठी आमच्याकडे येणाऱ्या अर्जांमागची कहाणी जवळजवळ ठरलेली असते. आधी सहा-आठ महिने ‘पित्त’. मग औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या. मग भाकरी उतरेना म्हणून भात, भात उतरेना म्हणून पेज, आणि पेजही वर येऊ लागली की मिरज. मिरजेहून कोल्हापूर, नाहीतर थेट मुंबई. तेथील डॉक्टर विचारतात, इतके दिवस काय करत होता? घरची माणसे खाली मान घालतात. मग दागिने मोडायचे, शेत गहाण टाकायचे आणि शेवटी आमच्या फलकावर मदतीचे आवाहन लावायचे. आम्ही वर्गणी काढतो, धनादेश देतो, देतानाचा फोटोही काढतो. पुढे काही महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जातो, ते कशासाठी, हे वाचकांना सांगायला नको.

या प्रकाराला मदत म्हणायला आम्ही आता तयार नाही.

कारण याच दोन कॅन्सरवर आज असा उपचार आहे की ज्यात पोट फाडावे लागत नाही की छाती उघडावी लागत नाही. रुग्णाला गुंगी किंवा भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण आत सोडतात. आजारी डागाच्या भोवती बारीक खुणा करतात. मग डागाच्या खाली, अस्तर आणि स्नायू यांच्या मधल्या थरात, सुईने द्रव सोडतात. त्याने अस्तर फोडासारखे वर फुगते आणि खालच्या स्नायूपासून अंतर राखते. मग दुर्बिणीच्याच पोकळीतून पुढे काढलेल्या, विजेच्या प्रवाहावर चालणाऱ्या इवल्याशा सुरीने तो डाग कडेने कापायचा आणि खालून सोलत सोलत अखंड काढून घ्यायचा. भाजलेल्या वांग्याची साल काढण्याइतके हे सोपे नाही, तास-दोन तास आणि कधी त्याहूनही जास्त वेळ जातो. या पद्धतीला एन्डोस्कोपिक सबम्युकोझल डिसेक्शन, थोडक्यात ईएसडी म्हणतात. निघालेला तुकडा फळीवर टाचण्यांनी ताणून पॅथॉलॉजीकडे पाठवतात. तिथे त्याच्या दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात : कडा मोकळ्या आहेत का, रोग किती खोल गेला होता, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरला होता का. सगळे मनासारखे निघाले तर उपचार तिथेच संपला. काही दिवसांत माणूस घरी येतो. जठरात झालेली जखम भरून येईपर्यंत साधारण दोन महिने गोळ्या घ्यायच्या. होय, त्याच पित्ताच्या गोळ्या, फक्त योग्य वेळी!

यात धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. रक्तस्राव होतो, क्वचित भिंतीला भोक पडते. बहुतेक वेळा तेही दुर्बिणीतूनच क्लिपा लावून आवरता येते. अन्ननलिकेचा बराचसा घेर सोलावा लागला तर ती पुढे आवळते आणि ती रुंद करत बसावे लागते. पण याची तुलना कशाशी करायची? अन्ननलिका काढायची मोठी शस्त्रक्रिया म्हणजे छाती आणि पोट दोन्हींत शिरायचे, नलिका काढून टाकायची, जठराची नळी करून ती वर ओढायची आणि गळ्याशी किंवा छातीत जोडायची. अख्खे जठर काढले तर जन्मभर थोडे थोडे खायचे आणि ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने घ्यायची. या शस्त्रक्रियांनीही माणसे वाचतात, त्या करणाऱ्या सर्जनांना आमचा नमस्कार. मात्र आमच्याकडे येणाऱ्या कित्येक अर्जदारांची वेळ त्याही पलीकडे गेलेली असते.

आता मुख्य गोष्ट. दुर्बिणीतून सोलून काढण्याची संधी कुठपर्यंत असते? जठराच्या कॅन्सरमध्ये रोग अस्तरापुरता असावा लागतो. अस्तराखालच्या थरात शिरला असेल, तर ठरावीक प्रकारात आणि ठरावीक आकारापर्यंत, फार तर अर्धा मिलिमीटर. त्यापुढे गेला की लसिकाग्रंथींत पसरण्याची शक्यता वाढते, आणि ग्रंथी काही दुर्बिणीतून काढता येत नाहीत. अन्ननलिकेत हा पल्ला आणखी तोकडा आहे. तिथे अस्तराच्या वरच्या थरांपुरता रोग असेल तोवरच निर्धास्तपणे सोलता येतो. म्हणजे एका बाजूला चार दिवसांचा उपचार आणि दुसऱ्या बाजूला गहाणखत, आणि मध्ये अर्ध्या मिलिमीटरची भिंत. या अवस्थेत दुखत नाही. घास अडकत नाही. रक्त पडत नाही. असलीच तर थोडी जळजळ, थोडे जड वाटणे, जे आपल्या घरात रोज कोणाला ना कोणाला होतच असते. घास अडकायला लागतो तेव्हा नळीचा बराच भाग व्यापून झालेला असतो. ‘त्रास झाला की दाखवू’ या आपल्या पिढीजात शहाणपणाचा इथे काडीचा उपयोग नाही.

मग काही देशांनी हे साधले कसे? जपानची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे जपान म्हटले की वेळेवर येणारी आगगाडी एवढेच आठवते. जठराचा कॅन्सर हा त्या देशाचा जुना वैरी. १९५० साली तिथे ऑलिंपस कंपनीच्या तंत्रज्ञांनी आणि एका तरुण सर्जनने मिळून पोटात सोडण्याचा छोटा कॅमेरा तयार केला. १९६२ साली तेथील दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेने ‘लवकरचा जठर-कॅन्सर’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्याच ठरवून टाकली. बेरियम पाजून फोटो काढणाऱ्या गाड्या गावोगावी फिरल्या. १९८३ पासून ही तपासणी देशभर सरकारी कार्यक्रमात आली आणि २०१६ पासून पन्नाशीपुढच्या लोकांसाठी दुर्बिणीची तपासणीही त्यात धरली गेली. लवकरचे रुग्ण इतके सापडू लागले की पोट न फाडता ते काढण्याची युक्ती शोधणे भागच पडले. ईएसडी नव्वदच्या दशकात तिथेच घडली. २००६ साली जठरासाठी आणि २००८ साली अन्ननलिकेसाठी ती तेथील आरोग्यविम्यात आली. आज जपानमध्ये सापडणाऱ्या जठराच्या कॅन्सरपैकी निम्म्याहून अधिक लवकरच्या अवस्थेत सापडतात, आणि त्या अवस्थेतील रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाच वर्षांनंतरही हयात असतात. हा क्रम पाहा. आधी शोधणे आले, मग कौशल्य आले, पैसा त्यानंतर आला. आपल्याकडे विचारा तर उत्तर मिळते, आमच्याकडे तसे तज्ज्ञ कुठे आहेत? अहो, लवकरचे रुग्णच आणले नाहीत तर डॉक्टर हात बसवणार कशावर? हैदराबादला, मुंबईला हे काम उत्तम करणारे लोक आहेत. हैदराबादच्या डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांचे नाव तर दुर्बीणतज्ज्ञांच्या जगात सर्वत्र घेतले जाते, २०२५ साली त्यांना पद्मविभूषणही मिळाले. बेळगावहून ही दोन्ही शहरे एका रात्रीच्या प्रवासाची आहेत. लग्नाला जातोच की आपण!

जपान श्रीमंत म्हणून त्याला जमले, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी चीनमधल्या हेनान प्रांतातील लिनशियानचे उदाहरण आहे. डोंगराळ शेतकऱ्यांचा हा भाग अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी जगभर कुप्रसिद्ध. तिथे दुर्बिणीतून अन्ननलिकेवर आयोडीनचे पाणी फवारायचे आणि पाहायचे, ही साधी रीत गावोगावच्या तपासणीत वापरली गेली. निरोगी अस्तर गडद तपकिरी होते, बिघडलेला भाग फिका राहतो. आयोडीन ही काही सोन्याच्या भावाची वस्तू नव्हे.

आता आपल्या मातीकडे वळू. आपला भाग तंबाखूचा आहे. निपाणीची तंबाखू देशभर गेली. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले, त्यांची आठवण आपण आजही अभिमानाने काढतो. विड्या वळणाऱ्या आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आयाबहिणींनी आपली घरे चालवली. हे ऋण मान्य. पण त्याच तंबाखूने आपल्या घरात काय पेरले, हे बोलायची वेळ आली की आपण विषय बदलतो. अन्ननलिकेच्या कॅन्सरची आपल्या देशातील मोठी कारणे म्हणजे चघळायची तंबाखू, विडी आणि दारू, आणि दारू-तंबाखू जोडीने असतील तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. सुपारीही निर्दोष नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली आणि कर्नाटकात २०१३ साली बंदी आली. मग पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली! आणि मशेरीचे काय? आपल्या कितीतरी आज्या, काकू, मावश्या सकाळी चुलीवर भाजलेली मशेरी लावल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्यांना कोणी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर त्या खरे बोलून ‘नाही’ म्हणतात. मशेरी ही तंबाखूच असते, हे डॉक्टरच्या कागदावर येतच नाही.

सरकारचे काय चालले आहे तेही पाहू. तीस वर्षांपुढच्या लोकांच्या तपासणीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याची २०१६ साली चौकट ठरली. त्यात तीनच कॅन्सर आहेत : तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. या तिघांना आमचा विरोध नाही, उलट तेवढी तपासणी तरी गावोगाव नीट व्हावी असे आमचे म्हणणे आहे. पण तंबाखूचे बोट धरून आलेला रोग तोंडाच्या आत डोकावून संपत नाही. ज्याच्या तोंडात किंवा घशात कॅन्सर निघाला, त्याच्या अन्ननलिकेत दुसरा कॅन्सर वेगळा उगवण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. त्याची अन्ननलिका दुर्बिणीने पाहायलाच हवी. किती जणांची पाहिली जाते? आणि जनआरोग्य योजना ही मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. ज्याला अजून काहीच होत नाही त्याची दुर्बीण तपासणी कोणत्या कार्डावर करायची, याचे उत्तर मुंबईने द्यावे आणि बेंगळुरूनेही द्यावे. दोन सरकारांच्या भांडणात दोघांनाही सोयीचा असा हा मुद्दा आहे. तो कोणाच्याच भाषणात नाही.

येथे आमचे काही डॉक्टर मित्र आक्षेप घेतील, आणि त्यांचा आक्षेप खरा आहे. सगळ्या जनतेच्या घशात दुर्बीण घालण्यात अर्थ नाही. भारतात मिझोराम, काश्मीरसारखे काही भाग सोडले तर जठराच्या कॅन्सरचे प्रमाण जपान-कोरियासारखे नाही. जठराच्या कॅन्सरला कारण ठरणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आपल्याकडे घरोघरी आहे, तरी त्या मानाने कॅन्सर कमी, हे शास्त्रज्ञांनाही कोडे आहे. म्हणून तरुण, धडधाकट माणसाला घाबरवून तपासणी गळ्यात मारणारे निघाले तर त्यांच्या विरोधातही आम्ही लिहू. आम्ही बोलतो ते निवडक माणसांबद्दल : पंचेचाळीस-पन्नाशी ओलांडलेले, वर्षानुवर्षे तंबाखू आणि दारू दोन्ही घेणारे; ज्यांना तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर होऊन गेला; ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला; आणि ज्यांना या वयात नव्यानेच अपचन सुरू झाले, वजन उतरले, रक्त कमी निघाले. या शेवटच्या गटाला तर थांबवून ठेवणे हा गुन्हाच आहे. इथे पित्ताच्या गोळ्यांचा घातकीपणा समजून घ्या. या गोळ्यांनी कॅन्सरच्या व्रणाची जळजळ कमी होते, इतकेच नव्हे तर व्रण वरून काही काळ भरूनही येतो. रुग्णाला वाटते बरे वाटले. डॉक्टरला वाटते निदान बरोबर होते. आत रोग आपल्या वाटेने खोल चाललेला असतो. महिनोन्महिने दुर्बिणीशिवाय गोळी लिहून देणारे, आणि न विचारता पाकीट हातात ठेवणारे दुकानदार, हे दोघेही आपल्याच समाजात मानाने वावरतात. त्यांना हा लेख झोंबला तर झोंबू द्या.

दुर्बीण घातली म्हणजे झाले, असेही नाही. लवकरचा कॅन्सर दिसायला असतो कसा? जरासा लाल किंवा फिका डाग, जरासे खडबडीत अस्तर. फेस न धुता, घाईघाईने आत-बाहेर केली तर तो डोळ्यांसमोरून निसटतो. सिंगापूरच्या एका अभ्यासात जे डॉक्टर सरासरी सात मिनिटांहून अधिक वेळ घेत होते त्यांना धोक्याच्या जागा घाई करणाऱ्यांपेक्षा अधिक सापडल्या. आमच्या ओळखीतील एका गृहस्थांची तपासणी एका मोठ्या रुग्णालयात तीन मिनिटांत आटोपली, अहवाल ‘नॉर्मल’ आला आणि वर्षभरात गाठ निघाली. तेव्हा तपासणीला जाणाऱ्यांनी विचारायला लाजू नये : पोट धुऊन पाहणार का, अन्ननलिकेवर आयोडीन किंवा विशेष निळसर-हिरव्या प्रकाशाची सोय वापरणार का, फोटो देणार का. भाजी घेताना आपण चार प्रश्न विचारतो. आणि ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही आपल्याकडची समजूत तर एकदा विहिरीत टाका. तुकडा न काढल्याने काय पसरते ते आपण पाहतोच आहोत.

आणि भाषा. इथे आमच्या नेहमीच्या मागणीचा संबंध येतो, ओढून आणलेला नाही. ‘घास उतरत नाही’, ‘छातीत थांबल्यासारखे होते’, ‘पाण्याचा घोट घेतला की जातो’ — यातला फरक म्हातारी मराठीत सांगते आणि कागदावर दुसऱ्याच भाषेत ‘गॅस’ म्हणून उतरतो. ईएसडीसारख्या उपचारात तर रुग्णाला आधीच समजले पाहिजे, की तुकड्याच्या तपासणीत रोग खोल निघाला तर पुढे मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि सगळे ठीक निघाले तरी दरवर्षी दुर्बीण करावी लागेल, कारण उरलेल्या जठरात नवा कॅन्सर उगवू शकतो. जंतू असेल तर त्याचा नायनाट केल्याने हा धोका कमी होतो, तोही डोस पूर्ण घ्यावा लागतो. हे सगळे ज्या संमतिपत्रावर आहे त्यावर आपली माणसे न वाचता सही करतात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, ही तरतूद कितीतरी वर्षांपासून मान्य झालेली आहे. पाट्यांसाठी आपण ती पुढे करतो. सरकारी दवाखान्यातील संमतिपत्रासाठी एकदा तरी केली आहे का?

राहता राहिली आपली संस्था. आपली आरोग्य शिबिरे म्हणजे साखर, रक्तदाब, चष्मा, पाहुण्यांचे भाषण आणि शाल-श्रीफळ. वैद्यकीय मदतनिधी सगळाच्या सगळा शेवटच्या अवस्थेतील रुग्णांवर खर्च होतो. तो बंद करा असे म्हणण्याइतके आम्ही निष्ठुर नाही. पण येत्या वार्षिक सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत, की या निधीचा निम्मा भाग वर सांगितलेल्या निवडक लोकांच्या दुर्बीण तपासणीसाठी वेगळा काढावा, प्रत्येक गल्लीतील मंडळाने अशा लोकांची यादी करावी, आणि तपासणीत लवकरचा डाग निघाला तर त्या रुग्णाला मुंबई किंवा हैदराबादला नेऊन आणण्याची जबाबदारी दोन कार्यकर्त्यांवर नावानिशी टाकावी. गणेशोत्सवाच्या मांडवासाठी आपण घरोघर फिरतोच, तीच वही, तीच माणसे. यादीत पहिली नावे मात्र आमच्याच कार्यकारिणीतील तंबाखू खाणाऱ्यांची असावीत. ती किती आहेत, ते बैठक संपल्यावर सभागृहाच्या जिन्यातल्या कोपऱ्याकडे पाहिले तरी मोजता येतात.